ढोलाच्या पोटातला मजकूर

आमच्या ढोलाला चारशे वर्षं झाली हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण ती वर्षं मीच घातली. १९७९ साली, दुपारच्या चहाच्या वेळी. खरं तर मी तीनशेच घालणार होतो, पण तीनशे शेजारच्या गावाने आधीच घेऊन ठेवली होती.

मी नामिसाकीत आलो तो गरम झऱ्याच्या हॉटेलाच्या जाहिराती लिहायला. गावातल्या थोरल्या कुरुसुंनी तेव्हा मच्छीमारांच्या गोदामातून, कुजक्या जाळ्यांखालून, एक अजस्र ढोल बाहेर काढला होता. दहाबारा माणसं जमवून तैकोचं, म्हणजे अशा ढोलांच्या वादनाचं, पथक उभं केलं होतं आणि आता त्यांना फक्त इतिहास कमी पडत होता.

"जुना आहे हो तोकिता-सान, फार जुना," ते म्हणाले आणि खोकले. थोरले कुरुसु थाप मारताना खोकत. त्या दिवशी ते बराच वेळ खोकले.

मी लिहून दिलं की समुद्रावरून आलेल्या चाच्यांना नामिसाकीच्या शूर पुरुषांनी हा ढोल बडवून पळवून लावलं. ढोल ऐकून चाचे का पळतील, हे तेव्हा मला सुचलं नव्हतं. पथकाचा पहिला कार्यक्रम ऐकला आणि उलगडा झाला.

पुढे हॉटेल बुडालं. मी बासरी शिकलो आणि त्याच पथकात वाजवू लागलो. तैकोच्या पथकात बासरी वाजवणं म्हणजे धबधब्याखाली उभं राहून कुणाच्या तरी कानात गुपित सांगणं. चाळीस वर्षांत माझा एकही सूर चुकल्याची तक्रार आलेली नाही.

थोरले गेले आणि त्यांचा मुलगा तादाओमि प्रमुख झाला; पथकात सगळे त्याला कुरुसु-सेन्सेई, म्हणजे कुरुसु गुरुजी, म्हणू लागले. त्याने बाराव्या वर्षी माझं पत्रक पाठ केलं आणि त्यानंतर आयुष्यात दुसरं काही वाचलं नाही. बाप थापाड्या होता, पण आपण थापा मारतोय हे त्याला ठाऊक होतं. मुलगा मात्र प्रामाणिक निघाला. आमचा सगळा त्रास तिथून सुरू होतो. चाच्यांबद्दल बोलताना त्याचे डोळे भरून येत. मला तर कधीकधी त्या चाच्यांचीच दया येई.

आमचा मोठा ढोल घडवंचीवर आडवा ठेवतात. त्याला दोन तोंडं. पुढच्या तोंडावर वाजवणारा ढोलाकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा राहतो. कुरुसु-सेन्सेई नुसत्या लंगोटावर उभे राहात. बावन्न वर्षांचे असूनही पाठ मात्र तिशीतली होती, कारण रोज सकाळी दोन तास ते वजनं उचलत आणि उरलेल्या वेळात आरशाकडे पाठ करून मान वळवत. प्रयोगाआधी पाठीला तेल लागे. बसमधून उतरणाऱ्या पर्यटक बायका ढोल ऐकायला येत असं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

आणि ढोलाच्या मागच्या तोंडावर, कुणालाही दिसणार नाही अशा जागी, चिगुसा उभी असे. ती टपाल कचेरीत काम करायची. सतरा वर्षं तिने मागून एकसारखा ठेका धरला. सेन्सेई पुढे हवेत हात फिरवत, मध्येच थांबत, आभाळाकडे बघत. परत ढोलावर येताना त्यांना ठेका जिथे सोडला तिथेच सापडे. तो आपोआप तिथे असतो अशी त्यांची समजूत होती.

चिगुसाला एकच गोष्ट हवी होती. एकदा, फक्त एकदा, सणाच्या दिवशी पुढच्या तोंडावर वाजवायचं. दरवर्षी ती विचारायची आणि दरवर्षी तेच उत्तर मिळायचं.

"चारशे वर्षांत या ढोलाला बाईचा हात लागलेला नाही."

"मग मी सतरा वर्षं काय करतेय सेन्सेई? वारा घालतेय?"

"मागचं दिसत नाही," सेन्सेई म्हणत. त्यांच्या दृष्टीने विषय तिथे संपे.

या वर्षी प्रांताच्या सांस्कृतिक खात्याचे हानावा-सान सणाला येणार होते. आमच्या वादनाची वारसा म्हणून नोंद करायची की नाही, ते ठरवायला. सेन्सेईंनी ढोलाला नवं कातडं घालायचं ठरवलं. त्यांना आणखी एक गोष्ट सुचली.

"ढोल बनवणारे आतल्या लाकडावर साल आणि नाव लिहून ठेवतात," ते म्हणाले. "कातडं काढलं की फोटो काढू. फाईलला लावू. मग कोणाची टाप आहे शंका घ्यायची!"

आम्ही तिघं ढोल ट्रकमध्ये घालून ढोल बनवणाऱ्या इवामुरोंकडे गेलो. सेन्सेई पुराव्यासाठी, मी इतिहासकार म्हणून आणि चिगुसा ढोल उचलायला. इवामुरो पंचाहत्तरीचे. नवं कातडं ढोलावर ताणलं की हा माणूस मोजे घालून त्यावर चढतो आणि उड्या मारतो. आयुष्यभर हाच उद्योग केल्यामुळे कुणापुढे वाकायची त्यांना सवय नव्हती.

पक्कडीने खिळे निघाले. जुनं कातडं उतरलं. इवामुरोंनी बॅटरी घेऊन ढोलात डोकं घातलं.

"कुठल्या शोगुनच्या काळातला?" सेन्सेईंनी विचारलं. आवाज आधीच भरून आला होता.

"शोवा एकोणतीस," ढोल म्हणाला.

म्हणजे १९५४. ढोल माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान निघाला.

"दुरुस्ती झाली असेल तेव्हा," सेन्सेई म्हणाले.

इवामुरोंनी डोकं बाहेर काढलं. "लाकूड तेव्हाचं, खिळे तेव्हाचे, आणि अक्षर माझ्या बापाचं. आम्ही दुरुस्तीत झाड बदलत नाही."

चिगुसाने बॅटरी घेतली आणि आत वाकली. तिचा आवाज घुमत बाहेर आला. "धुक्यात होड्यांना परत बोलावण्यासाठी नामिसाकीच्या बायकांनी हा ढोल करवून घेतला." मग ती अकरा नावं वाचू लागली. पहिल्याच नावावर थांबली. "कुरुसु तोमे."

तोमे म्हणजे सेन्सेईंची आई.

सेन्सेई स्टुलावर बसले. मग माझ्याकडे वळले. "तोकिता-सान, आणि चाचे?"

"चाचे मी एका सिनेमात पाहिले होते," मी म्हणालो. चाळीस वर्षांत मी त्यांना खरं सांगितलं ते हेच.

"बंद करा," सेन्सेई इवामुरोंना म्हणाले. "आत्ताच्या आत्ता कातडं चढवा."

"कातडं भिजतंय अजून. आणि आधी मला आत लिहावं लागेल. साल, आणि पुढे कोण वाजवतो त्याचं नाव."

"लिहा, आठव्या पिढीचे..."

"बाहेर तुम्हाला काय फासायचं ते फासा. आत मी खोटं लिहीत नाही."

चिगुसा म्हणाली, "माझं नाव लिहा. सणाला पुढे मी वाजवणार आहे."

"चारशे वर्षांत..." सेन्सेईंनी सुरुवात केली आणि मी पहिल्यांदाच त्यांचं ते वाक्य अर्धवट राहिलेलं ऐकलं.

"मी फोटो काढलाय," चिगुसाने फोन दाखवला. "हानावा-सानना फाईलमध्ये फोटो हवाच आहे ना? की मी एकदा पुढे वाजवू आणि फोटो पुसून टाकू?"

"मागे कोण उभं राहणार?"

"तुम्ही."

"मी?"

"मागचं दिसत नाही, सेन्सेई."

इवामुरोंनी कुंचला शाईत बुडवला. एवढ्या आनंदाने कुणी चार अक्षरं लिहिताना मी पाहिलेलं नाही.

परत येताना चिगुसाने ट्रक सरळ तोमे आजींच्या दारात नेला. सत्त्याऐंशी वर्षांची ती म्हातारी ओसरीवर वाळवायची पर्सिमनची फळं सोलत बसली होती.

"आजी, ढोलाच्या आत तुमचं नाव आहे."

"असणारच. सगळ्यांत जास्त मीच बडवला. हा पोटात होता तेव्हासुद्धा." तिने सुरीचं टोक मुलाकडे केलं. "मग बंदरावर भोंगा आला आणि ढोल गोदामात गेला."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" सेन्सेई जवळजवळ ओरडलेच.

"विचारलं कोणी? तू पाठीला तेल लावत होतास."

"एकदाही ऐकायला आली नाहीस!"

"तुझ्या बापाच्या वेळी आले होते एकदा. ते ऐकून एक होडी घरी आली नसती. धुक्यातल्या माणसाला काय कळणार तुम्ही कधी थांबलात आणि का थांबलात?" आणि चिगुसाला म्हणाली, "सणाला तू वाजवणार? मग मला खुर्चीत बसवून न्या."

सणाच्या दिवशी ऊन लख्ख होतं. पर्यटक बायकांनी फोन वर धरले आणि पथकाचा साधा सुती कोट घातलेली चिगुसा पुढे येताच हळूहळू खाली केले. पहिल्या रांगेत हानावा-सान वही घेऊन, त्यांच्या शेजारी चाकाच्या खुर्चीत तोमे आजी. मी कडेला होतो, त्यामुळे ढोलाच्या दोन्ही बाजू मला दिसत होत्या. मागे सेन्सेई उभे होते. कुणी बघणार नव्हतं, तरी त्यांनी तेल लावलं होतं.

चिगुसाकडे सात मिनिटं होती. सतरा वर्षं मनातल्या मनात घासलेली सात मिनिटं. तिने सुरुवात केली आणि माझी बासरी ओठांवर नुसतीच राहिली. इतकं नेटकं, इतकं मोठं मी आमच्या ढोलातून कधी ऐकलं नव्हतं.

ते एक मिनिट टिकलं. मग मागचा ठेका पळू लागला. ज्याला आयुष्यभर टाळ्यांकडे धावायची सवय, त्याला एका जागी उभं राहणं जमेना. सेन्सेई आधी चालले, मग धावले, मग ठेचकाळले आणि घाबरून जोरात बडवू लागले. त्यांचा चेहरा मला दिसत होता. घरची वाट चुकलेल्या माणसाचा असतो तसा.

चिगुसाने ते ऐकलं. ती तशीच पुढे वाजवत राहिली असती तर लोकांना एवढंच कळलं असतं की काहीतरी विस्कटलंय, आणि दोष दिसणाऱ्या माणसाचा झाला असता. तिने हात खाली घेतले. मग एक ठोका मारला. थांबली. पुन्हा एक. तेवढंच थांबली. पुन्हा एक. बाकी काही नाही. तिची सगळी सात मिनिटं अशी गेली.

चौथ्या मिनिटाला सेन्सेईंना तो ठोका सापडला. पाचव्या मिनिटाला ते त्याच्याबरोबर चालायला लागले. घाम, तेल आणि डोळ्यांतलं पाणी यांतलं काय काय त्यांच्या गालावरून वाहात होतं ते मला सांगता येणार नाही.

"आता बरोबर," तोमे आजी मोठ्याने म्हणाली. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलते. "आता येतील."

हानावा-सान भराभरा लिहीत होते. महिन्याभराने खात्याचं पत्र आलं. नोंद झाली होती. पत्रात म्हटलं होतं की चारशे वर्षांपूर्वीचा निरलंकार साधेपणा जपणारं असं वादन आज अत्यंत दुर्मीळ आहे, आणि चाचे नेमके कशामुळे भयभीत झाले असतील याची प्रत्यक्ष अनुभूती आली.

सेन्सेई पत्र घेऊन माझ्याकडे आले. नवं पत्रक हवं होतं. पुढे बाईच उभी राहते ही आमची मूळ प्रथा आहे, असं त्यात घालायचं होतं. त्यांचे डोळे भरून आले होते. दोन दिवसांपूर्वी सुचलेल्या प्रथेवर त्यांचा आधीच विश्वास बसला होता. मी लिहून दिलं. लिहिताना मला खूप खोकला आला.

चिगुसाने पत्र वाचलं, घडी घातली आणि सेन्सेईंना परत दिलं.

"तुमची नोंद झाली. माझं वाजवायचं राहिलं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी पुन्हा मीच पुढे. त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर ठेका शिका."

हल्ली रोज सकाळी वजनं उचलायच्या वेळी सेन्सेई आईच्या अंगणात उभे असतात. ढोल या कामासाठी मिळत नाही. शिकाऊ माणसाला पथकात जे देतात तेच त्यांना दिलंय, ट्रकचा जुना टायर. चिगुसा टपाल वाटताना फाटकाशी सायकल थांबवते, ऐकते आणि पुढे जाते. तोमे आजी पर्सिमन सोलत असते.

"घाई करू नकोस," ती वर न बघता म्हणते. "बुडवलीस बघ एक होडी. परत पहिल्यापासून."