डोरीनची थट्टा

एलोडीच्या मेंदूतली गाठ सावकाश वाढणारी, आणि अशा जागी की काढायची सोय नव्हती. डॉक्टर म्हणाले, नुसतं लक्ष ठेवू, दर तीन महिन्यांनी एमआरआय करू. लक्ष ठेवू म्हणायला काय जातं! ते ठेवताना आईचा जीव कसा टांगणीला लागतो, हे कॉरिनला विचारावं.

या वेळीही गाठ होती तेवढीच निघाली, तर पुढचा एमआरआय थेट सहा महिन्यांनी होणार होता आणि एलोडीला उन्हाळ्यात तळ्याकाठच्या शिबिराला जाता येणार होतं. विनिपेग शहरातला बर्फ अजून वितळला नव्हता, तरी पोरीने झोपायची पिशवी दाराशी आणून ठेवली होती.

मशीन चालवणाऱ्या डोरीनला पडद्यावर सगळं दिसायचं, पण बोलायची मुभा नव्हती. निकाल डॉक्टरच सांगणार, तोही काही दिवसांनी. मात्र एलोडी बाहेर आली की डोरीन दर खेपेला म्हणायची, "मेंदू सापडला गं बाई, शोधायला जरा वेळ लागला." निकाल येईपर्यंतचे दिवस कॉरिन त्या थट्टेच्या जिवावर काढायची. वेडेपणाच तो, पण तिच्याकडे दुसरं होतं काय?

आज डोरीनने एलोडीच्या हातावरची सुईची पट्टी नीट दाबली, कोटाची चेन गळ्यापर्यंत लावून दिली. "शहाणी माझी ती. अजिबात हलली नाहीस," म्हणाली आणि आत निघून गेली.

कॉरिनने घाईने गाडीची किल्ली काढली. "चल," ती म्हणाली, "गाडी गार पडली असेल."

"थांब ना आई. डोरीन विसरली."

"गडबडीत असेल ती."

"मग मी आठवण करून देते." कॉरिन हात धरेपर्यंत पोरगी दार ठोठावून मोकळी. "डोरीन, माझा मेंदू सापडला का नाही?"

दार उघडलं. डोरीनचे डोळे लाल होते. कॉरिनकडे न बघता ती खाली बसली आणि एलोडीचा गाल धरून म्हणाली, "सापडला गं बाई. शोधायला जरा वेळ लागला."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" गाडीत बसताना एलोडी म्हणाली. "आता शिबिरासाठी नवीन टॉर्च घ्यायचा हं."

 डोळे पुसूनही कॉरिनला समोरचा रस्ता धड दिसेना.

"आत्ताच घेऊ," ती म्हणाली आणि तिने गाडी दुकानाकडे वळवली.