आंबा पिवळा, फरक ४.१

हर्सूलचा तलाव आटला आणि तळाशी एक लूना सापडली, नंबरप्लेटसकट.

पुंडलिकनगरात नवव्या दिवशी नळ आला. पंचेचाळीस मिनिटं.

वाळूजच्या वाटेवर नवी कमान: टू बीएचके, चोवीस तास पाणी. कमानीमागं अजून ज्वारीची धसकटं.

दाटपणा मोजायच्या, तळाला भोक असलेल्या कपातून रंग गळून संपायला बावीस सेकंद. हवे होते बावीसच.

४.१.

हा शेवटचा आकडा रंग तपासणाऱ्या तनुजाच्या हातातल्या रंगमापकाचा होता, आणि तो तिला अजिबात आवडला नाही.

साल २०१६, महिना एप्रिल, वार शनिवार. कारखाना पाण्याच्या टँकरना रंग देणारा. वीस टाक्या रांगेत उभ्या, रंग आंबा पिवळा, गिऱ्हाईकानं मंजूर केलेला. रंग मिसळणारे सांडूमामा, मूळचे सोयगावकडचे, अठ्ठावीस वर्षं नुसत्या डोळ्यानं रंग जुळवत आलेले. मंजूर रंग आणि मामांचा रंग यांतला फरक एकच्या आत हवा. दुसऱ्यांदा मिसळला, दुसऱ्यांदा चार पॉइंट एक.

"मशीन बिघडलं का गं?"

"नाय मामा. पांढऱ्या फरशीवर बरोबर दाखवतंय."

मॅनेजर सर्जेराव मागंच उभे होते. "मामा, डोळे थकतात माणसाचे. सोमवारपासून गेटवर बसा. ऑर्डर टाईप झालीय. पगार तोच."

"गेटवर काय करू साहेब? येणाऱ्या गाड्यांचे रंग सांगू?"

मोतीराम, फवारणीवाला, हसला. मामा हसले नाहीत. काठी डब्यावर आडवी ठेवून हात पुसत राहिले. आधीच पुसलेले हात.

तनुजाला हे बघवेना. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिला ब्लेडनं रंगावर चौकटी कापता येत नव्हत्या. चौकटी कापायच्या, वर चिकटपट्टी दाबायची, उपटायची. रंग सोबत आला तर पकड कच्ची. "कोथिंबीर चिरायली का? दाबून धर," असं म्हणत मनगट कसं ठेवायचं ते मामांनीच शिकवलं होतं. आजही तिनं त्यांच्या रंगावर चौकटी कापल्या. एक टवका निघाला नाही. जाडी बरोबर, चकाकी बरोबर. फक्त रंग तेवढा चुकला?

"मामा, जुळवला कशाशी?"

"नमुन्याच्या पत्र्याशी. अजून कशाशी?"

"पत्रा कुठाय?"

मामांनी मोतीरामकडं पाहिलं. मोतीरामनं छताकडं.

"रांजणावर," मामा म्हणाले.

पिण्याच्या पाण्याचा रांजण शेडबाहेर, उन्हात. त्याचं झाकण फुटलं तेव्हा कावळे चोची घालायला लागले. पाणी असं दुर्मिळ, ते उघडं कोण ठेवणार? मामांनी हाताला लागला तो पत्रा झाकला, उडू नये म्हणून मधोमध दगड ठेवला. पाणी काढायचं तर पत्रा दगडासकट सरकवायचा. असे दोन उन्हाळे. मधे पिवळ्याची ऑर्डर नव्हती; आता आली तेव्हा मामांनी दगड न हलवता, कड पुसून तिथंच रंग जुळवला.

"मंजुरीचा पत्रा? झाकण?" सर्जेराव खालीच बसले.

"पाण्याला झाकण नको व्हय साहेब?"

तनुजा तोवर बाहेर पोचली होती. तिनं दगड उचलला. खाली भाकरीएवढा गोल, पिकल्या आंब्यासारखा गर्द. भोवतीचा सगळा पत्रा फिका, पिठल्यासारखा.

वाचन पहिलं, दगडाखालचा गोल. मशीनमध्ये मंजुरीच्या दिवशी साठवलेल्या रंगापासून फरक ०.२.

वाचन दुसरं, भोवतीचा फिका भाग. मामांच्या रंगापासून फरक ०.३.

तिनं दुसरं वाचन तीनदा घेतलं. तीनदा तेच. मग तिला हसूच आवरेना.

"म्हंजे काय झालं?" सर्जेरावांनी विचारलं.

"म्हंजे साहेब, मामांचे डोळे ठणठणीत आहेत. त्यांनी ऊनसुद्धा जुळवलंय."

मामांनी पत्रा हातात घेतला, तिरपा केला, सरळ केला. दगडाखालचा गोल बराच वेळ पाहिला. मग आत गेले. लालसर पिवळा एक माप, थोडा थांबून अजून अर्धं. ढवळलं. काठी उजेडात धरली.

"झाला."

वाचन तिसरं. ०.४.

"दुपारच्या जेवणाआधी पहिली टाकी घ्या," सर्जेराव म्हणाले. आवाज मॅनेजरचा होता, चेहरा नव्हता.

मोतीरामनं फवारा भरला. "मामा, आता रांजणावर काय ठेवू?"

"साहेबांनी गेटची ऑर्डर टाईप केलीय ना, ती ठेव."

"दगड मोठा ठेवा मग," सर्जेराव म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्यानं तेच हसले.

तनुजानं अहवालावर 'योग्य' लिहिलं. खाली सहीच्या जागी मामांनाही सही करायला लावली; तशी पद्धत नव्हती. पहिल्या टाकीवर पिवळा चढायला लागला तेव्हा ऊन त्यावर पडून शेडभर पिवळं झालं, मोतीरामचे दातसुद्धा.

गेटवरची खुर्ची सर्जेरावांनी मामांसाठी शुक्रवारीच नव्या नायलॉन पट्टीनं विणून घेतली होती.