बाबांचं नेट मी कापलं

माझ्या सासऱ्यांना मी घरात कोंडून ठेवलंय, असं सध्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या आमच्या ब्लॉकमध्ये बोललं जातं. साफ खोटं! बाबा रोज सकाळी फिरायला जातात, दूध आणतात, येताना चार जणांना 'जय भीम' करतात आणि त्याच चार जणांकडे माझी तक्रार करतात. मी फक्त त्यांचं नेट कापलंय. ते मी लपवत नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

मी समता. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. नवरा बुद्धभूषण, तोही सरकारी नोकरीत, स्वभावानं इतका गरीब की भाजीवाल्यानं किडकी वांगी दिली तरी 'अच्छा, चलो' म्हणून घेऊन येतो. मुलगी ऋचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणि बाबा, म्हणजे राजारामसाहेब. यवतमाळकडच्या एका खेड्यातून शिकून दिल्लीत क्लार्क म्हणून आले आणि अंडर सेक्रेटरी होऊन निवृत्त झाले. रविवारी आमच्या बौद्ध मंडळाची वंदना तेच घेतात. ते पुढे म्हणतात, आम्ही सगळे त्यांच्यामागून म्हणतो. या माणसाबद्दल मला आदर होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

मार्चमधली गोष्ट. सकाळी मी डबे भरत होते. ऋचा फोन बघत स्वयंपाकघरात आली आणि तिथूनच ओरडली, "आजोबा, ओटीपी आला, लिहा!"

"कसला ओटीपी गं?" मी विचारलं. "गॅसचा?"

"नाही गं. आजोबांच्या गेमचा."

"आजोबांचा गेम, मग ओटीपी तुझ्या फोनवर कसा?"

मी झारा खाली ठेवला. माझा आवाज चढला की घरात सगळं बाहेर येतं, हे तिला माहीत आहे. तिनं सांगून टाकलं. बाबा फोनवर पैसे लावून पत्ते खेळत होते. गेल्या वर्षी सरकारनं असल्या ॲप्सवर बंदी आणली, तेव्हा याच माणसानं पेपर मोठ्यानं वाचून 'बिल्कुल योग्य' म्हटलं होतं. मग कुणीतरी त्यांना बाहेरच्या देशातल्या साइटची लिंक पाठवली. तिथे नवीन खात्याला बोनस मिळतो, म्हणून दुसरं खातं उघडलं ते नातीच्या नावानं, नातीच्या नंबरवर.

"यार आई, पप्पाला नको सांगू. आमचं सीक्रेट होतं," ऋचा म्हणाली. मग जरा थांबून, "मी पण खेळले. दोनदाच. दोन्ही वेळा जिंकले!"

हे सांगताना तिचा चेहरा फुलला होता. हरली असती तर मी चार शिव्या देऊन ऑफिसला गेले असते. पण एकोणीस वर्षांची पोर जिंकलीय आणि तिला ते आवडलंय, याची मला भीती वाटली. बाबा सत्तर पार केलेले आहेत, त्यांचं ते बघून घेतील. माझी पोर मी यात जाऊ देणार नव्हते. त्या दिवसापासून आजपर्यंत मी जे काही केलं ते एवढ्यासाठीच केलं.

बाबा खोलीत पेपर वाचत होते. मी सरळ विचारलं, "बाबा, ऋचाच्या नावानं जुगार खेळता तुम्ही?"

"जुगार काय म्हणतेस? डोक्याचा खेळ आहे तो. तुझ्या सासूबाई गेल्यापासून दुपार जाता जात नाही."

"मग कॅरम खेळा. पोरीला कशाला ओढता?"

राग आला की बाबांचं यवतमाळ बाहेर येतं. "काहून? नात नाही का ती माझी?"

"नात आहे म्हणूनच विचारतेय. कुंपणच शेत खायला लागलं तर आम्ही कुणाकडे बघायचं?"

त्यांनी पेपर तोंडापुढे धरला. बुद्धभूषणला सांगितलं तर तो म्हणाला, "समता, बाबांना आता या वयात काय बोलणार?" मी म्हटलं, तू नको बोलूस, मी करते काय करायचं ते.

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं बघणारा जयेश म्हणून आहे. मी त्याला म्हटलं, घरच्या वायफायवर काही साइट्स उघडू नयेत असं करता येतं का? त्यानं का, कशाला, काही विचारलं नाही. शहाणा आहे. राउटरच्या आतलं पान कसं उघडायचं, जुगाराच्या साइट्स एकगठ्ठा कशा बंद करायच्या आणि मग त्या पानाला आपला पासवर्ड कसा घालायचा, हे त्यानं कागदावर एक-दोन-तीन करून लिहून दिलं. घरी येऊन मी तसं केलं आणि कागद राउटरखालीच सरकवून ठेवला. चहा गार झाला, पण केलं! बाबांच्या खोलीतून "अरे, उघडत का नाही हे?" असं ऐकू आलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले.

हसू दुसऱ्या दुपारपर्यंत टिकलं. सुट्टी होती. बाबांच्या फोनमधून पुन्हा पत्ते वाटल्याचा तो चुटचुट आवाज येत होता. मी लगेच जयेशला फोन लावून त्याच्यावर तोंडसुख घेतलं. "काय रे, तुझं कुलूप एक दिवस पण टिकत नाही?"

त्यानं मला काय काय बघायला लावलं. मग म्हणाला, "मॅडम, कुलूप तुटलेलं नाहीये. कुणीतरी बरोबर पासवर्ड घालून आत गेलंय. काय ठेवला होता?"

मी सांगितलं नाही. मला सांगवेना. मी ठेवली होती दीक्षेची तारीख. चौदा, दहा, छप्पन्न. आमच्याकडे कुणाच्याही घरात बघा, बॅगेच्या कुलपापासून कपाटाच्या लॉकरपर्यंत हीच तारीख असते, नाहीतर चौदा एप्रिल. माझ्या वडिलांच्या सायकलच्या साखळीलासुद्धा हाच नंबर होता. दुसरं काही ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी बाबांच्या दारात उभी राहिले. ते चक्क हसले. वर कौतुकानं म्हणाले, "पहिल्याच फटक्यात उघडलं. म्हटलं, आपली सून दुसरं काय ठेवणार!"

"बाबा, ती तारीख घालताना तुमचा हात थरथरला नाही?"

"नंबर आहे गं तो. भावनेत जाऊ नकोस."

नंबर आहे! ज्या दिवशी त्यांच्या आईनं, गंगुबाईनं, कडेवर पोर घेऊन नागपूर गाठलं आणि माणूस म्हणून उभी राहिली, तो दिवस. ही गोष्ट मला त्यांनीच सांगितली होती, दहा वेळा, डोळ्यांत पाणी आणून. ते कडेवरचं पोर म्हणजे हेच. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखानं नाही, रागानं रडले. रडून झाल्यावर तोंड धुतलं, पुन्हा त्या पानावर गेले आणि ज्याला काहीच अर्थ नाही असा पासवर्ड ठेवला. अक्षरं, आकडे, काहीबाही. कागदावर लिहून तो कागद ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कुलूप लावून ठेवला.

मग राहिलं मोबाईलचं नेट. बाबांचं रिचार्ज आम्हीच करतो. ते संपलं तेव्हा मी फक्त बोलण्याचं रिचार्ज मारलं. फोन येतो, फोन जातो, बाकी काही नाही.

बुद्धभूषण म्हणाला, "त्यांना वाईट वाटेल गं."

"वाटू दे की. मला वाटतंय तेव्हा तू काय केलंस?"

बाबांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी सगळ्या ब्लॉकशी बोलले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! सुनेनं म्हाताऱ्याचा फोन बंद केला, वर्तमानपत्रसुद्धा वाचू देत नाही, कुणाशी बोलू देत नाही. रविवारी सकाळी मंडळाचे सेक्रेटरी मुरलीधरकाका आणि त्यांच्या पत्नी पार्वतीकाकू आमच्या घरी हजर झाले. मी पोहे केले. पाहुणचारात मी कमी पडत नाही.

मुरलीधरकाकांनी पोहे संपवले, मिशा पुसल्या. "सूनबाई, साहेब म्हणजे मंडळाचा मान. त्यांना घरात असं वागवलेलं बाहेर बरं दिसत नाही."

"कसं वागवलं मी?"

"ते नेटचं म्हणे काहीतरी..."

मी बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी बुद्धभूषणकडे बघितलं. तो बशीतली शेव मोजत होता. पार्वतीकाकूंना थोडं काही माहीत असावं, कारण त्यांनी माझा हात दाबला आणि हळूच म्हणाल्या, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते गं. घरातलं घरात मिटव."

तिथेच माझं डोकं फिरलं. घरातलं घरात मिटवायला मी महिनाभर झटत होते, आणि घरातलं बाहेर नेलं कुणी?

"काकू, मूठ मी नाही उघडली. पण आता आलाच आहात तर आत काय आहे ते बघून जा. साहेब जुगार खेळतात. रोज. बंदी असलेल्या साइटवर. आणि माझ्या मुलीच्या नावानं."

मुरलीधरकाकांनी रिकामी बशी पुन्हा हातात घेतली. बुद्धभूषण "समता, अगं..." एवढंच म्हणाला.

बाबा उठून उभे राहिले. आवाज अंडर सेक्रेटरीचा. "खोटं आहे हे! ऋचाला बोलवा. ऋचा! इकडे ये. सांग काकांना, मी तुला कधी काही मागितलं का?"

ऋचा दारात उभी होती. आजोबांनी तिला सायकल शिकवली, मराठी वाचायला शिकवलं, तापात रात्रभर उशाशी बसले. तिनं आजोबांसाठी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण ती मला कायमची गेली असती, हेही मला तेव्हा कळत होतं. जीभ दाताखाली धरली.

"मागितलं ना, आजोबा," ती म्हणाली. "ओटीपी मागितले. मी दिले." मग माझ्याकडे वळली, आणि रडायलाच लागली. "आई, पण तू बंद केल्यावर मी पण खोललं होतं. तोच नंबर टाकून. मला पण लगेच सुचला. आणि परवा मी फ्रेंडच्या फोनवरून खेळले. आजोबांनी नव्हतं सांगितलं. मलाच खेळायचं होतं. हरले. मग परत खेळले."

मी खुर्चीवर बसले. पण माझ्याआधी बाबा बसले होते, खाली, सरळ फरशीवर. त्यांनी तोंडावर हात घेतला होता. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा नाही.

मुरलीधरकाका "चला, येतो आम्ही" म्हणून उठले. मी म्हटलं, "बसा काका. साहेबांचा मान राखायला आला होतात ना? मग आता राखा. बसून राहा." ते बसले.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"वायफायला घातलंस तसं यालाही कुलूप घाल," ते म्हणाले. "ऋचाच्या फोनलापण घाल. आणि पासवर्ड मला सांगू नको. मी मागितला तरी नको. ओरडलो, रडलो, काही केलं, तरी सांगू नको. मी मागणार, समता. मला माहीत आहे मी मागणार."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

त्याच दुपारी जयेशला फोन करून दोन्ही फोनला कुलूप घातलं. मुरलीधरकाका शेजारी बसून बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, सूनबाई, आमच्या धाकट्याचं पण जरा बघाल का? मी म्हटलं, उद्या घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबांनी मागितला. मी कणीक मळत होते. नाही म्हटलं. त्यांनी आवाज चढवला, नाही म्हटलं. मग मला नको नको ते बोलले, माझ्या माहेरापर्यंत गेले, मी पीठ मळत राहिले आणि पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी आवाज एकदम मऊ केला आणि ऋचाच्या खोलीत गेले. मी हात तसाच पिठात ठेवून ऐकत उभी राहिले.

"बेटा, आईनं तुला सांगितला असेल ना? एकदाच. फक्त एकदा."

"मला माहीत नाही, आजोबा," ऋचा म्हणाली. मग तिचा आवाज आला, रडका, पण मोठ्यानं. "आणि माहीत असता ना, तरी दिला नसता."