एकशे चौदावं पान

"मास्तर, कुठवर आले?"

"प्रस्तावना झाली. आता छापखान्याचा पत्ता वाचून राहिलो."

इनायतुल्लानं कपाळावर हात मारला. अमरावतीच्या सरकारी शिक्षक-वर्गातली पुस्तकांची खोली त्याच्या ताब्यात होती. दोन अलमाऱ्या, एक लांब मेज आणि खिडकीशी त्याचा पुस्तकं बांधायचा सुई-दोरा. "या खुदा! तुमाले फक्त इतकंच पायजे होतं ना, का कपाशीच्या बोंडाले कीड कावून लागते? सकाळपासून बसले, अन् अजून छापखान्यातच?"

नत्थुजी ओशाळून हसला. चाळिशी गाठलेला, नांदगाव पेठेचा पंतोजी. वीस वर्षं त्यानं मारुतीच्या देवळात पोरांना धुळाक्षरं शिकवली होती. आता सरकारनं फर्मान काढलं होतं की अमरावतीचा तीन महिन्यांचा वर्ग पास करील त्याचीच शाळा राहील, नाहीतर बाहेरून शिकलेला मास्तर येईल. वर्गात नत्थुजी कशातही मागं नव्हता. हिशेब तोंडपाठ, अक्षर मोत्यासारखं. घोडं अडलं होतं ते या खोलीत. शेवटच्या दिवशी साहेब प्रत्येकाच्या हाती एक प्रश्न देणार होते, आणि घटकाभरात त्याचं उत्तर पुस्तकांतून हुडकून काढायचं होतं.

आणि हा गडी पुस्तक पोथीसारखं वाचायचा! आंघोळ करून यायचा, जोडे बाहेर, पुस्तकाला नमस्कार, आणि मग पहिल्या अक्षरापासून सुरुवात. बरोबरीचे हसायचे. नत्थुजीला मध्येच पान उघडवत नसे आणि अर्ध्यावर मिटवत तर मुळीच नसे.

"किताब हाय, देव नाई," इनायतुल्ला म्हणाला. "तिले इचारायचं अन् उठायचं. आधी अलमारी पाहा, मंग खण, मंग मागची पानं. तिथं शब्दांची यादी राहते. क, ख, ग अशी. कपाशी पायजे? क मधी जा. समोर पानाचा आकडा. तेवढंच उघडा, घ्या अन् मिटा."

"अर्ध्यात मिटू? नाई जमत, भाई."

"कावून नाई जमत?"

तेव्हा नत्थुजीनं कधी कोणाला न सांगितलेलं सांगितलं. तीन वर्षांमागची गोष्ट. तिकडे अमेरिकेत लढाई पेटलेली, इकडे वऱ्हाडात कापसाला सोन्याचा भाव. ज्याला त्याला कापसानं येड लावलं होतं. घरी सप्ताह मांडला होता, नत्थुजी पोथी वाचत होता. चौथ्या दिवशी अकोल्याच्या कापूस-अडत्याची दमणी, बैल जुंपलेली, दारात येऊन उभी राहिली. मुंबईहून येणाऱ्या भावाच्या चिठ्ठ्या वाचायला माणूस नाही, दोन दिवस चला, असा निरोप. नत्थुजी पोथी अर्ध्यात मिटून गेला. लोभच की! तिसऱ्या दिवशी दुपारी परतला, तेव्हा गावात पटकी शिरली होती आणि त्याचा सात वर्षांचा चंद्रभान घरात निपचित पडला होता. संध्याकाळपर्यंतही राहिला नाही.

"बायको म्हणते, पोथी अर्धी सोडली म्हणून पोरगा गेला," नत्थुजी म्हणाला. "रोज नाई म्हणत. पण म्हणते."

इनायतुल्लानं सुई-दोरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "इथं नका डरू. या किताबा कोणाचा जीव घेत नाई."

महिनाभर त्यानं नत्थुजीच्या मागं टुमणं लावलं. येता-जाता विचारायचा, "मास्तर, विहिरीचं बांधकाम? बैलाचा खुरकूत? चला, उठा!" पहिल्यांदा पुस्तक मध्येच मिटलं तेव्हा नत्थुजीनं त्याला पुन्हा नमस्कार केला. हळूहळू भीड चेपली. पुढं पुढं तर वर्गातल्या तरण्या पोरांच्या आधी त्याचं बोट नेमक्या ओळीवर जाऊन बसू लागलं. पुस्तकाला विचारलं की ते सांगतं, याची त्याला मोठी गंमत वाटू लागली. रविवारी घरी गेला तेव्हा बायकोला, वच्छलाला, म्हणाला, "शाळा कुठं जात नाई आता."

परीक्षेच्या दिवशी साहेब पुण्याकडचे आले होते. एकेकाला चिठ्ठी मिळाली. नत्थुजीच्या चिठ्ठीत होतं: 'पटकीच्या रोग्यास पाणी द्यावे की न द्यावे? पुस्तक, पान व मजकूर लिहा.'

त्यानं चिठ्ठी मेजावर उपडी ठेवली. पण हात आता शिकले होते. दुसरी अलमारी, खालचा खण, रोगी सांभाळण्याविषयीचं पुस्तक, मागची यादी. प. पटकी. एकशे चौदा. सगळ्यांच्या आधी त्यानं पान उघडलं.

'रोगी पाणी मागतो ते त्याच्या शरीरास हवे असते म्हणून मागतो. मागेल तितके द्यावे. एरवी वाचले असते असे पुष्कळ रोगी पाणी तोडल्यामुळे दगावले आहेत.'

त्यानं पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

तीन वर्षांमागं त्या दुपारी तो दमणीतून उतरला तेव्हा पाण्याचा माठ घराबाहेर ओसरीवर काढून ठेवला होता, आणि वच्छला दारात आडवी बसली होती. पाणी दिलं की पटकी वाढते, असं सारं गाव सांगत होतं. दोन दिवस पोरगा 'माय, पानी, माय, पानी' करत होता आणि ती पदर तोंडात कोंबून बसून होती. लेकरू वाचावं म्हणूनच. नत्थुजी घरी असता तर त्यानंही तेच केलं असतं. ती तर रडत रडत करत होती, आणि त्यानं तिला शाबासकी दिली असती!

म्हणजे पोथीनं काही केलं नव्हतं. पोथीवर राग काढता येत होता, नवऱ्यावर काढता येत होता, त्या आधारावर ती तीन वर्षं उभी होती. हे पान तिला कळलं तर ती कशाला धरून उभी राहील?

नत्थुजीनं बोरू उचलला, दौतीत बुडवला. तीन ओळी उतरवायच्या होत्या. पण लिहिलं की ते घरी पोचणार होतं. वर्गाला निघाला तेव्हा वच्छलानं बजावलं होतं, काय इचारलं अन् काय लिहिलं ते सारं मले सांगजा. घरात बोलायला दुसरं होतंच कोण? पास झालेल्यांचे कागद तर गावच्या चावडीत वाचून दाखवणार होते. बोरूवरची शाई वाळली.  डोळ्यांतलं टिपूस पुस्तकावर पडू नये म्हणून तो मागं सरकून बसला.

"वेळ संपली," साहेब म्हणाले. त्यांनी कोरा कागद पाहिला, उघडं पान पाहिलं आणि भुवया चढवल्या. "अहो, पान तर समोरच आहे! नुसतं उतरवून काढायला काय झालं?"

नत्थुजी उभा राहिला. "नाई जमलं, साहेब."

"कमाल आहे!" साहेबांनी नावापुढं रेघ ओढली.

खोली रिकामी झाली तेव्हा इनायतुल्लानं पुस्तक उचललं. ते पान त्यानं सावकाश वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मास्तर..."

"भाई, कोणी नांदगावचं आलं, इचारलं, तर म्हणजा, त्याले पान सापडलंच नाई."

"झूट बोलू? अन् तेही माह्या शागिर्दाबद्दल? सगळ्यायच्या आधी काढलं तुमी!"

"माह्यासाठी बोला."

इनायतुल्लानं होकाराची मान हलवली. पुस्तक मिटून त्यानं खालच्या खणात ठेवलं.

उन्हं कलताना नत्थुजी घरी पोचला. वच्छला वाटच पाहत होती. "झाले पास?"

"नाई."

"नाई? कावून?"

"पान सापडलं नाई."

"आता ग माय!" ती मटकन खाली बसली. "इतकं सोपं! रविवारी तर मोठ्या गमजा मारत होते. तीन महिने काय केलं मंग तिथं? कोणतंच काम धड शेवटाले नेलं का तुमी आजवर? आपलं सारं वाटोळं झालं ते तुमच्या याच गुणानं."

"हो," नत्थुजी म्हणाला. "माहीच चूक."

ती भांडायला तोंड उघडून बसली होती, पण समोरचा भांडेना. मग ती रडली. डोळे पुसून तिनं ताट वाढलं. ती पाहत होती म्हणून तो जेवला.

"शाळा गेली मंग?"

"गेली."

"करसान काय आता?"

"पाटलाच्या वावरात वेचणी सुरू हाय. कापूस वेचाले जाईन."

"ते तं बायाचं काम." वच्छला त्याच्याकडं पाहत राहिली. अक्षरं शिकवणाऱ्या त्या हातांकडं पाहिलं आणि तिचा राग विरघळला. "एकट्यानं काय जमते तुमच्यानं? मीबी येईन संगं."

नत्थुजीनं ताट बाजूला सारलं. तिनं ताट उचललं, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला आणि सकाळी लवकर निघावं लागेल म्हणून जुन्या लुगड्याच्या, वेचलेला कापूस भरायला कमरेला बांधायच्या ओट्या शिवायला घेतल्या. एक त्याच्यासाठी आणि एक आपल्यासाठी.