न घासलेली फळी

‘‘पाय असे टेकवा, की लाकडाला ओझं वाटू नये. पण खाली लाकूड आहे, हेही विसरू नका.’’

रोज सकाळी हेझलबाईंचं हे वाक्य माझ्या अंगावरून जायचं. त्यांचा आवाज इतका हळू, की मागच्या रांगेतली म्यूरिएल हमखास ओरडायची, ‘‘हेझल, मोठ्यानं बोल! मी मेले नाही अजून, नुसती बहिरी झालेय!’’

मित्रांनो, मी एक जुना लाकडी धक्का आहे. कॅनडातल्या एका तळ्याच्या काठाशी, रिकाम्या पिंपांवर तरंगत असतो. आमच्या उन्हाळी घरांपर्यंत रस्ता येत नाही. माणूस येतो तो होडीनं, आणि त्याचं पहिलं पाऊल पडतं ते माझ्यावर.

हेझलबाईंच्या नवऱ्यानं मला सीडरच्या लाकडातून घडवलं. तो वारला, तेव्हापासून बाई पहाटे उठून माझ्यावर येऊन बसू लागल्या. तरुणपणी त्या योग शिकल्या होत्या. धुकं असो, डास असोत, त्यांचा नेम कधी चुकला नाही. आधी ओंजळभर पाणी कपाळाला लावायचं, पाण्याला नमस्कार करायचा, मग आसनं. त्यांना बघून शेजारणी येऊ लागल्या. मग गुडघे आखडलेला म्हातारा ऑर्विलही आला. अशा रीतीनं वर्ग सुरू झाला. दर वसंतात बाई गुडघ्यांवर बसून माझी एकेक फळी पॉलिश पेपरनं घासत. कोणाच्या अनवाणी पायात कुसळ जाऊ नये, हा त्यांचा दुसरा नेम.

केवढं कौतुक होतं माझं! वृक्षासनात सगळ्या एका पायावर उभ्या राहिल्या, की मी श्वास रोखून धरत असे.

‘‘मी कसली वृक्ष, मी वाऱ्यानं वाकलेला पाइन,’’ म्यूरिएल म्हणायची.

‘‘वाकलेला असू दे, बोलका नसावा,’’ ऑर्विल म्हणायचा.

वर्ग संपला, की माझ्याच कडेला पाय सोडून चहा आणि लोण्याच्या गोड वड्या. मी सुखी होतो.

मग शेजारचं घर ब्रॉकनं घेतलं. त्यानं बोट ठेवायला काचेचं बोटघर बांधलं, चकचकीत धातूचा लांबलचक धक्का टाकला, आणि एक अशी मोटारबोट आणली, जी मुद्दाम उंच लाटा उठवते. फळीवर उभं राहून त्या लाटांवर घसरायचं, हा त्याचा खेळ. खेळायची वेळ नेमकी आमच्या वर्गाची.

हेझलबाई वड्यांचा डबा घेऊन त्याच्याकडे गेल्या. आमच्यात अंतर ते केवढंसं, मला सगळं ऐकू आलं.

‘‘तासभर थांबशील का? किंवा जरा पलीकडे खेळ. माझ्याकडे म्हातारी माणसं असतात.’’

‘‘मॅडम, पाणी सरकारी आहे,’’ तो वडी खात म्हणाला. ‘‘तुमच्या म्हाताऱ्यांना घरात झोपवा की!’’

दुसऱ्या दिवशी तो जास्तच जवळून गेला. सगळ्या वृक्षासनात होत्या. मी लाट येताना पाहिली, पण धक्क्याला ओरडता येत नाही. मी वर उचलला गेलो, खाली आपटलो. म्यूरिएल माझ्या कडेवर पडली. तिच्या कमरेचं हाड मोडल्याचा आवाज आधी मला कळला, मग तिला.

तिला बोटीवर चढवताना तिनं हेझलबाईंचं मनगट धरलं. ‘‘त्याला सोडू नकोस. आणि मला परत इथं आणायचं. शपथ घे.’’

‘‘घेतली,’’ बाई म्हणाल्या. तेवढ्याच हळू आवाजात. बहिऱ्या म्यूरिएलला तो शब्द बरोबर ऐकू आला.

ब्रॉक बघायलाही आला नाही. वर्ग मोडला. कोणाला मुलांनी येऊ दिलं नाही, कोणाला भीतीनं. बाई एकट्या येत, पाणी कपाळाला लावत आणि शेजारच्या बोटघराकडे बघत बसत. माझ्यावर शेवाळ चढलं, बदकांनी घाण केली. पाण्यात राहूनही मी जळत होतो. रोज देवाकडे एकच मागणं मागत होतो: यंदा मला पाण्याबाहेर काढू देऊ नकोस. बर्फात राहू दे. वसंतात बर्फ फुटेल, वारा सुटेल आणि मी त्याच्या काचेच्या घरात घुसेन. मी मोडेन, पण त्याचं मोडून मोडेन.

मित्रांनो, आमचं तळं हिवाळ्यात गोठतं. पाण्यात राहिलेल्या धक्क्याला बर्फ पिळून काढतो. म्हणून ऑक्टोबरात सगळे धक्के ओढून काठावर घेतात. त्या दिवसाचं आमंत्रण नसतं. पूर्वेच्या टोकापासून सुरुवात करायची, आणि प्रत्येकानं प्रत्येकाच्या दोरीला हात लावायचा. जो दुसऱ्याची दोरी ओढत नाही, त्याची दोरी कोणी ओढत नाही. हे नव्या माणसाला शेजारी सांगतात. ब्रॉकला कोणीही सांगितलं नाही.

त्या दिवशी खांद्यावर दोर टाकून सगळे एकेका घरी गेले. ब्रॉकच्या धक्क्यापाशी आले, आणि गप्पा मारत पुढे निघाले. तो आपल्या धातूवर उभा राहून बघत होता.

‘‘अहो, माझा राहिला!’’

कोणी वळलं नाही.

‘‘मी पैसे देतो! शहरातले कामगार वसंताआधी यायला तयार नाहीत. मला कुणी सांगितलं का नाही?’’

ऑर्विल थांबला. तंबाखू थुंकून शांतपणे म्हणाला, ‘‘पाणी सरकारी आहे ना बेटा? मग बर्फही सरकारीच.’’

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझी फळी न् फळी हसली.

हेझलबाईंनी सगळ्यांना सांगितलं, ‘‘माझा धक्का आज राहू द्या. उद्या शेवटी काढू.’’ मला वाटलं, माझी प्रार्थना ऐकली गेली. बाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. संध्याकाळी ब्रॉक पडेल चेहऱ्यानं आला, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘पैसे नकोत. सकाळी ये. अनवाणी. आणि बोटीची किल्ली ऑर्विलकडे दे.’’

सकाळी पाण्यावरून वाफा निघत होत्या. बाईंनी त्याला नेमकं म्यूरिएलच्या जागेवर उभं केलं.

‘‘एक पाय उचल. तळवा मांडीला लाव. हात वर.’’

‘‘हे कशासाठी?’’

‘‘बोलू नकोस. वृक्ष बोलत नाहीत.’’

तो डुगडुगत उभा राहिला. तेवढ्यात वळणामागून त्याचीच बोट निघाली. ऑर्विलनं लाट अशी उठवली, की क्या बात! मी तिला आडवा गेलो नाही. होतं तेवढं सगळं अंग तिच्या हाती दिलं. ब्रॉक कोलमडून गार पाण्यात गेला आणि छातीभर पाण्यात खोकत उभा राहिला.

‘‘तू तीस वर्षांचा आहेस,’’ बाई कडेला बसून हळूच म्हणाल्या. ‘‘ती ऐंशीची आहे.’’

त्याचे दात वाजत होते. ‘‘काय करू मी?’’ 

‘‘उन्हाळ्यात म्यूरिएलला यायचंय. मोटारबोटीचा आवाज आला, तरी आता ती थरथरते. तू वल्ह्यांच्या होडीनं तिला पलीकडच्या काठावरून आणायचं आणि पोचवायचं. वर्ग असेल त्या प्रत्येक दिवशी. कबूल?’’

‘‘कबूल.’’

‘‘आणि वर्गात थांबायचं.’’

त्याला घोंगडी मिळाली, चहा मिळाला. वडी मिळाली नाही. मग सगळ्यांनी त्याचा धक्का ओढला. आधी मात्र माझा, आणि माझ्या दोरीला सगळ्यात पुढे ब्रॉकचे निळे पडलेले हात होते.

हिवाळा मी काठावर काढला. वसंत आला, बाई पॉलिश पेपर घेऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी माझं शेवाळ खरवडलं, एकेक फळी लोण्यासारखी केली. होडी बांधतात त्या कोपऱ्याशी आल्या आणि थबकल्या. एका फळीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि उठल्या. ती एक फळी त्यांनी तशीच ठेवली. बाईंसारख्या नेमाच्या बाईनं! तेव्हा मला कळलं, मी एकटाच जळत नव्हतो.

मित्रांनो, आम्हां लाकडांना जपा. आमच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांना त्याहून जपा. आम्हाला तोंड नसतं, पण लक्षात सगळं राहतं.

आज वर्गाचा पहिला दिवस आहे. तळ्यावर धुकं आहे. बाईंनी पाणी कपाळाला लावलं. ब्रॉक आला, त्यानं जोडे काठावर काढले, आणि होडीकडे जाताना त्याचा पाय त्या फळीवर पडला. मी एक कुसळ त्याच्यासाठी सात महिने राखून ठेवलं होतं. ते टाचेत नीट खोल गेलं.

तो कळवळला. ओरडला नाही. बाईंकडे त्यानं पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. खाली बसून त्यानं कुसळ उपटलं, रक्त पाण्यात धुतलं, माझ्याशी बांधलेली होडीची दोरी सोडली आणि वल्ही हातात घेतली.

मग एकही लाट न उठवता तो म्यूरिएलला आणायला निघाला.