काळोशी बेटाचा दगडी गोळा

मी काळोशी बेटावरचा दगडी तोफगोळा. सध्या सोलापुरात, वीरभद्रप्पांच्या दिवाणखान्यात मधोमध पडलोय. मला राग आलाय. गोड बोलणं जमणार नाही.

काळोशी म्हणजे किनाऱ्यापासून होडीनं अर्धा तास. कोळ्यांची चाळीस घरं, पिराचा दर्गा, दीपस्तंभ आणि पडका किल्ला. पाथरवटानं मला त्या किल्ल्यासाठी घडवलं, पण तोफेतून मी कधी सुटलोच नाही. मला त्याहून चांगलं काम मिळालं. बेटावरचा पोरगा पहिल्यांदा खोल समुद्रात निघाला की त्यानं मला छातीपर्यंत उचलायचं. नाही जमलं तर आणखी वर्षभर किनाऱ्यावर. मला तेल लावायचा मान म्हाताऱ्या बाळाबाईचा. तेल चोळता चोळता ती सुनेची गाऱ्हाणी मलाच सांगायची.

१९७४ च्या थंडीत सोलापूरच्या एका तालमीची मंडळी खास एस.टी. करून सहलीला आली. पुढारी वीरभद्रप्पा, धान्याचे व्यापारी, तालमीचे अध्यक्ष, सगळ्यांचे अप्पा. बुरुजावर बसून त्यांनी शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, दर्ग्याच्या भिंतीवर कोळशानं स्वतःचं नाव लिहिलं. झाला इतिहास बघून!

मंडळी होडीकडे उतरली. मागे किल्ल्यावर माझ्यापाशी उरले अप्पा, त्यांची बायको काशम्मा आणि मला तेल लावायला आलेली बाळाबाई. अप्पा बाळाबाईला म्हणाले, "आम्ही सरकारी खात्यातले. गोळा तपासून महिन्यात परत आणतो."

पांढरी टोपी, पिकलेल्या मिशा. म्हातारीला खरंच वाटलं. "आणून द्या हां सायेब," ती म्हणाली, "पोरं खोळंबतील."

अप्पांनी वाकून मला हात घातला आणि तसेच वाकलेले राहिले. कंबर धरली होती.

"काय बघत उभारलीस? उचल की!"

"देवाचा असंल अवो. ऱ्हाऊ द्या हितं."

"तुला कुणी इच्यारलं का?"

काशम्मानं पदर खोचला. आधी मांडीवर, मग खांद्यावर घेऊन तिनं मला शंभर पायऱ्या उतरवलं. होडीजवळ अप्पा सगळ्यांना म्हणाले, "मीच आणला वरनं. शेवटच्या पायरीला हिच्याकडं दिला." काशम्मा गप्प बसली. तिचंही हे मी विसरलेलो नाही.

सोलापुरात मला चौरंगावर मांडलं. पहिल्या वर्षीच्या गप्पांत अप्पांनी मला एकदा उचललं होतं. दुसऱ्या वर्षी तीनदा. तिसऱ्या वर्षी एका हातानं. तालमीतल्या पोरांना माझ्यासमोर उभं करायचे. गुंडा नावाचा पैलवान एक कुस्ती हरला तर त्याला म्हणाले, "छप्पन्नाव्या वर्षी मी ह्यो उचलला. तू नुसतं दूध प्यायला हायस!" गुंडा मान खाली घालून ऐकायचा. मीही ऐकायचो. सूड घ्यायला दगडाकडे असतं काय? फक्त वजन.

यंदा अप्पांची साठी झाली. घरीच सत्कार, पेठेतली सगळी प्रतिष्ठित मंडळी हजर. हार पडल्यावर गुंडा उठला.

"अप्पा, एक डाव उचलून दावा की. लई ऐकलंय."

"आत्ताच जेवलोय रं."

"सकाळच्या धा वाजता?"

हशा पिकला. "कंबरपट्टा आणू का, अप्पा?" मागनं कुणीतरी ओरडलं. आता माघार घ्यायची म्हणजे चार वर्षांची थाप उघडी पडणार. अप्पा वाकले. चौरंगावरून मला कसंबसं पोटाशी घेतलं, आणि मी निसटलो. चुकून नाही. नेमका अंगठ्यावर पडलो.

अप्पा किंचाळले, "काशे, उचल ह्ये! भाईर टाक!"

काशम्मानं पेढ्यांचं ताट खाली ठेवलं. "तितं शंभर पायऱ्या म्या उतरवला. हितं तरी तुमी उचला."

आधी गुंडा हसला. मग प्रतिष्ठित मंडळी.

तेव्हापासून तीन महिने मी जिथे पडलो तिथेच आहे. काशम्मा माझ्याभोवतीनं झाडते. अप्पा लंगडत मला वळसा घालून जेवायला जातात. गुंडा येऊन म्हणाला, "काकू, मी देतो बेटावर पोचवून." मला खाऱ्या वाऱ्याची फार आठवण येते, तरी काशम्मानं त्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं तेव्हा मला बरंच वाटलं. त्याच्या हातानं मला जायचं नाही.

तुम्ही कधी त्या घरी गेलात तर अप्पांच्या अंगठ्याची चौकशी करू नका. कधी निघताय, एवढंच विचारा. मला अप्पांनीच न्यायचं, स्वतःच्या खांद्यावर, आणि बाळाबाईच्या पायाशी ठेवून सांगायचं, "मी सरकारी माणूस नव्हतो. मी चोर." तोवर त्यांना मरण येऊ नये. वीरभद्रप्पांना उदंड आयुष्य लाभो.