कबरीच्या दुधावरचा कुत्रा

आपला तो बाब्या नि लोकांचं ते कार्टं, हे माणसांच्या बाबतीत सगळेच करतात. एकलहऱ्याच्या चंद्रभागेनं ते कुत्र्यांच्या बाबतीत केलं, आणि तेही खंडोबाचा भंडार उचलून.

वीज केंद्राकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला तिचं घर होतं आणि घरामागं शेळ्यांचं वाडगं. पूर्वी वाडग्याच्या पलीकडं मळा होता, तिथं आता रो-हाऊसची सोसायटी उभी राहिली होती. सोसायटीला शेळ्यांच्या लेंड्यांचा वास येई, चंद्रभागेला सोसायटीच्या फोडण्यांचा. तरी बरं चाललं होतं. भांडण लागलं ते कुत्र्यांवरून.

चंद्रभागेचा कुत्रा खंड्या. त्याची आई राखेच्या टँकरखाली गेली तेव्हा तो मुठीएवढा होता. रविवारी, खंडोबाच्या वारी सापडला, म्हणून देवाचं नाव. त्याच आठवड्यात कबरी शेळीचं करडू जन्मतःच गेलं होतं आणि तिची कास दुधानं ताठली होती. चंद्रभागेनं पिल्लू उचलून कबरीच्या कासेला लावलं. कबरीनं आधी लाथा झाडल्या, मग गप उभी राहिली. शेळीच्या दुधावर वाढलेलं कुत्रं शेळीला दात लावत नाही, असं तिच्या सासरी सगळेच मानत. ते खरं की खोटं हे पाहायची वेळ कुणावर आली नव्हती, म्हणून ते खरं होतं.

पोळा झाला आणि वाडग्यातली करडं मरायला लागली. सकाळी उठावं तर एखादं मान फाटून पडलेलं. सोसायटीच्या पहिल्या घरात रोहिणी नावाची शाळामास्तरीण राहायची. ती रोज संध्याकाळी गेटपाशी भटक्या कुत्र्यांना पोळ्या घालायची, त्यांना तिनं नावंही ठेवली होती. त्यांत एक लंगडी होती, ती तर तिच्या पायातच घोटाळायची. चंद्रभागेनं गेटवर जाऊन तिला तोंडाला येईल ते ऐकवलं. रोहिणीनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की ही कुत्री रात्रभर माझ्या दारात असतात, मावशी, आणि मोकळा तर तुमचा खंड्याही फिरतो. चंद्रभागेला ते मिरचीसारखं झोंबलं.

कुत्री उचलून न्या म्हणून सोसायटीतल्या काहींनी सरकारी कचेरीत चौकशी केली. त्यांना उत्तर मिळालं, की नसबंदी करून कुत्री जिथली तिथंच परत सोडावी लागतात. मग सगळे गेटसमोर जमले. चंद्रभागेचा दीर चिमाजीही आला. त्याच्याही शेळ्या होत्या. बोलणं वाढत चाललं तशी चंद्रभागा घरात गेली आणि देव्हाऱ्यातला भंडाराचा डबा घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं मूठ भरली.

"खंडोबाची आण. माझ्या कुत्र्यानं शेळीला तोंड लावलं आसंल, तर माझं वाडगं मोकळं पडो."

रोहिणीचंही कुळदैवत खंडोबाच. ती त्या पिवळ्या मुठीकडं बघत राहिली आणि तिनं मुठीला हात जोडले. दुसऱ्या दिवशी कुत्री नव्हती. कुणीतरी टेम्पोत घालून घाटापलीकडं सोडून आलं होतं. कशी धरली, कुणी धरली, हे चंद्रभागेनं विचारलं नाही. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला सांगा. करडं मरायचीही थांबली. मरायला वाडग्यात करडूच उरलं नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी ती घासाचा भारा घेऊन आली तेव्हा वाडग्याचं दार पडलेलं होतं. शेळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढल्या होत्या. मध्ये कबरी आडवी पडली होती आणि खंड्याचं तोंड तिच्या नरड्यात होतं. मालकीण दिसताच त्यानं शेपूट हलवलं, धावत आला आणि लाल झालेलं तोंड तिच्या लुगड्याला घासलं. हातच्या काकणाला आरसा कशाला.

चंद्रभागेनं भारा खाली ठेवला. बादलीभर पाणी आणलं आणि खंड्याचं तोंड धुतलं, मग लुगड्याचा डाग धुतला. का धुतला, तिला सांगता आलं नसतं. रडू येईना, राग येईना. हात अंगाखाली येऊन बधिर व्हावा, तशी ती सगळीच झाली होती.

बातमी कानावर जाताच संध्याकाळी रोहिणी आली. हातात डबा होता. ती कुत्री गेल्यापासून आपण कुणालाच खाऊ घातलेलं नाही, ही बाहेरची कुत्री असतील, असं तिनं स्वतःहून सांगितलं. आपल्याच अंगावर आळ येईल या भीतीनं ती आली होती. मग जराशी घुटमळली. सवयीनं पोळ्या अजून जास्तीच होतात, खंड्याला घालू का, म्हणाली.

"त्यानंच मारली, बाई," चंद्रभागा म्हणाली. "करडं बी त्यानंच मारली आसतील."

रोहिणीनं वाडग्याकडं पाहिलं.

"मावशी, ती कुत्री टेम्पोवाल्यांच्या हाताला लागत नव्हती. मी एकेकाला नावानं हाक मारली. लंगडीला तर उचलून आत ठेवलं. तुम्ही भंडार उचलला होता, म्हणून."

डबा ओट्यावर ठेवून ती गेली. चंद्रभागेनं चिमाजीला बोलावून ती कुत्री परत आणता येतील का विचारलं. एवढ्या दिवसांनी ती कुठं सापडायची, तो म्हणाला. आणि कळपाचं रक्त लागलेलं कुत्रं कुणी ठेवत नाही, बांधून तरी किती दिवस ठेवाल, सकाळी टेम्पो आणतो.

सकाळी चिमाजी दोर घेऊन आला तसा खंड्या त्याच्यावर गुरगुरला आणि बाजेखाली शिरला. काठीनं ढोसलं, तर दात दाखवले.

"तुमच्याबिगर यायचा नाय त्यो, वैनी," चिमाजी म्हणाला.

रोहिणी शाळेला निघाली होती. तिनं गेटपाशी स्कूटर थांबवली. चंद्रभागेनं ओट्यावरचा डबा उघडला, होत्या तेवढ्या पोळ्या घेतल्या आणि टेम्पोच्या मागं जाऊन उभी राहिली.

"खंड्या, ये."

तो बाजेखालून निघाला, तिच्या पायांना अंग घासलं आणि पोळ्यांच्या मागं टेम्पोत उडी मारली. पत्र्यावर त्याचं शेपूट वाजत होतं. चिमाजीनं फाळका लावला.

टेम्पो वळून दिसेनासा झाल्यावर चंद्रभागा रिकामा डबा घेऊन गेटपाशी गेली. रोहिणीनं तो हातात घेतला.

"आला लगेच?" तिनं विचारलं.

"पहिल्याच हाकेला," चंद्रभागा म्हणाली.